ओटागोच्या मातीत उरलेले चिनी खाणकामगार

१८६१ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांतात सोने सापडले आणि गोऱ्या खाणकामगारांची झुंबड उडाली. चारच वर्षांत ही गर्दी वेस्ट कोस्टच्या नव्या सोन्याकडे वळली. ओस पडू लागलेल्या खाणी चालू राहाव्यात म्हणून डनेडिनच्या व्यापाऱ्यांनी चिनी कामगारांना बोलावणे धाडले. पहिले आले ते ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियातून, पुढचे थेट ग्वांगडोंगच्या खेड्यांतून. चार पैसे गाठीला बांधून गावी परतायचे, हाच बहुतेकांचा बेत होता. १८८१ च्या शिरगणतीत देशात सुमारे ५,००० चिनी होते. त्यांत बायका अवघ्या ९. त्याच वर्षी सरकारने येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंडांची डोईपट्टी बसवली. १८९६ मध्ये ती १०० पौंड झाली.

या माणसांनी स्वतः लिहिलेले फार थोडे उरले आहे. त्यांची माहिती मिळते ती मुख्यतः सरकारी अहवालांतून, वर्तमानपत्रांतून आणि अलेक्झांडर डॉन या मिशनऱ्याच्या नोंदींतून. म्हणूनच क्लायड धरणाच्या निमित्ताने झालेले उत्खनन मोलाचे. धरणामुळे क्लुथा नदीचे खोरे बुडण्याआधी पुरातत्त्वज्ञ नेव्हिल रिची यांनी तिथल्या चिनी वस्त्या तपासल्या. क्रॉमवेलची वस्ती आता डन्स्टन जलाशयाच्या पोटात आहे. ॲरोटाउनची मात्र १९८३ च्या उत्खननानंतर जपली गेली. कड्याच्या कपारीला दगड रचून केलेला आडोसा, मातीच्या विटांची खोपटी, तिथे सापडलेले भाताचे वाडगे, सोया सॉसच्या बरण्या, चौकोनी भोकाची नाणी, अफूचे पितळी डबे. पण डुकराच्या हाडांशेजारी मेंढीची आणि गाईबैलांची हाडेही निघाली, युरोपीय बाटल्या आणि बूटही. चिनी माणूस आपल्याच कोशात राहतो, हा त्या काळचा आरोप या उकिरड्यांपुढे टिकत नाही.

परदेशात मेलेल्याची हाडे गावच्या मातीत जावीत, ही त्यांची सर्वांत मोठी आस. त्यासाठी वर्गणी काढून थडगी उकरली जात. १९०२ मध्ये व्हेंटनर हे जहाज ४९९ मृतांचे अवशेष घेऊन चीनकडे निघाले. याआधीच्या अशा कामात पुढाकार घेणारे डनेडिनचे व्यापारी चॉय स्यू हॉय यांचे शवही त्यात होते. होकियांगाजवळ जहाज बुडाले. किनाऱ्याला लागलेली हाडे तिथल्या माओरी लोकांनी गोळा केली आणि आपल्या दफनभूमींत पुरली.