हवामानाची बातमी शेतापर्यंत कशी आली?



आपला देश खंडप्राय. मेघालयात चेरापुंजीला १८६०-६१ च्या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला. राजस्थानात जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी जेमतेम २०० मिलिमीटर पडतो.

१८६४ साली चक्रीवादळाने कलकत्ता झोडपले. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. तेव्हा कुठे १८७५ साली सरकारने हवामान खाते काढले. १९३२ मध्ये पुण्याला त्याचा शेती-हवामान विभाग निघाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी रेडिओवर येऊ लागली.

तरी एक ध्यानात ठेवा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही! एका शहरात एवढा फरक, मग जिल्ह्याचा अंदाज तुमच्या शिवाराला तंतोतंत कसा लागू पडेल?

म्हणून अंदाज रोज ऐकाच, पण गावात पर्जन्यमापकही बसवा. सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत टिपून ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरल्याशिवाय कोरडवाहू पेरणीची घाई करू नका. दुबार पेरणीचा खर्च वाचेल.