मोजणीतून सुटलेल्या बायका

सात रस्त्यावर सकाळी साडेनऊ-दहाला उभं राहावं. संगमेश्वर महाविद्यालय इथंच आहे, १९५३ पासूनचं. बसमधून, रिक्षातून मुलींचे घोळके उतरत राहतात. कुणाच्या अंगावर बुरखा, कुणाच्या केसांत अबोली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमची दखनी अशा चार भाषा एकाच चौकात कानावर पडतात. या मुलींपैकी कितीतरी जणींच्या आया-आज्यांनी विड्या वळून घर चालवलं. अशा एखादीनं उद्या सांगितलं की मला स्त्री-अभ्यास या विषयात एम.ए. करायचंय, तर चहाच्या टपरीवर लगेच प्रश्न येतो, "बायकांचा आणि कसला अभ्यास?" मग कुणीतरी म्हणतो, "आम्ही तर रोजच करतो, अजून पास झालो नाही!" हशा होतो आणि विषय संपतो.

विनोद जुना आहे, प्रश्न मात्र खरा आहे. हा विषय विद्यापीठात आला कसा, आणि का?

त्याचं एक उत्तर जनगणनेच्या कागदांत आहे. १९६१ साली देशात काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटी नोंदली गेली. दहा वर्षांनी, १९७१ साली, ती सुमारे तीन कोटींवर आली. लोकसंख्या वाढली आणि कष्टकरी बायका निम्म्या झाल्या! त्या कुठं गेल्या? कुठंच गेल्या नव्हत्या. कामगार कोणाला म्हणायचं याची व्याख्या बदलली होती. तुमचं मुख्य काम काय, असा प्रश्न त्या खेपेला विचारला गेला आणि घर सांभाळून बाकीची कामं करणाऱ्या लाखो बायका कागदावरून पुसल्या गेल्या.

सोलापूरकरांना हे समजायला वेळ लागू नये. माझ्या खालाच्या मांडीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सूप असायचं. भिजवलेली तेंदूची पानं कातरीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरीचा हिशेब हजारावर. मधे स्वयंपाक, धुणं, पोरांची भांडणं. दारात कुणी वही घेऊन आलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती मान खाली घालूनच म्हणायची, "कुछ नहीं, घर में ही रहती." पूर्व भागातल्या पद्मशाली बायकांचंही तेच. हातमागाच्या कांड्या भरून द्यायच्या त्यांनी, विणकर म्हणून नाव लागायचं घरधन्याचं. आणि ही माणसं काही खोटं बोलत नव्हती. आपण करतो त्याला काम म्हणतात, हेच त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा घरी बसून वळणारीलाही कामगार मानतो. कायद्यानं मानलं तरी घरानं मानायला पुष्कळ वर्षं लागली.

१९७१ सालीच केंद्र सरकारनं स्त्रियांची स्थिती तपासायला एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष. पुढं वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. १९७४ च्या अखेरीस तिचा अहवाल तयार झाला. त्याचं इंग्रजी नाव मराठीत आणायचं तर 'समानतेच्या दिशेनं' असं होईल. संविधानानं समता दिली, मुली शिकू लागल्या, एक बाई पंतप्रधान झाली, आता सगळं ठीकच असणार, अशी शिकलेल्या वर्गाची समजूत होती. अहवालानं ती मोडली. १९०१ साली दर हजार पुरुषांमागं ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० राहिल्या. विद्यापीठांतल्या शहाण्या माणसांच्या नजरेसमोर हे घडत होतं आणि त्यांच्या पुस्तकांत त्याचा पत्ता नव्हता. अर्थशास्त्र होतं, समाजशास्त्र होतं, इतिहास होता. बाई कुठंच नव्हती, असली तर 'कुटुंबसंस्था' नावाच्या प्रकरणात. समितीतल्या विदुषींनाच याचा धक्का बसला आणि त्या धक्क्यातून हा विषय उभा राहिला.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या महाविद्यालयात १९७० साली स्त्री-अभ्यासाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, तो विद्यार्थिनींच्या चळवळीतून. आपल्याकडं चळवळ होतीच, पण तिच्या हातात एक सरकारी अहवालही होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. हे परदेशी फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी तो अहवाल चाळावा.

महाराष्ट्रात पहिलं पाऊल मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठानं टाकलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापलेलं हे विद्यापीठ. पण बायकांना शिकवणं वेगळं आणि बायकांविषयी ज्ञान तयार करणं वेगळं. दुसरं काम तिथं १९७४ साली सुरू झालं, नीरा देसाई यांच्या पुढाकारानं. याच विद्यापीठात १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटना झाली. मधल्या काळात मथुरा खटला गाजला. पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीचा तो खटला, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला. सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. १९८३ साली कायदा बदलला. वर्गातली माणसं रस्त्यावर आणि रस्त्यावरची वर्गात, असा तो काळ होता. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं या विषयाला मान्यता दिली आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात केंद्र सुरू झालं. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र म्हणून ओळखलं जातं.

पुण्याच्या केंद्राबद्दल थोडं थांबून बोलावंसं वाटतं. विद्युत भागवत, शर्मिला रेगे यांनी तिथं जे केलं त्यात भाषेचा प्रश्न मोठा होता. खेड्यातून आलेली, मराठीत विचार करणारी मुलगी वर्गात गप्प बसते, ती मठ्ठ म्हणून नाही, पुस्तकं इंग्रजीत म्हणून. रेगेंनी दलित स्त्रियांच्या आत्मकथा अभ्यासाच्या मध्यभागी आणल्या. तोवर बाई म्हणजे जात नसलेली बाई, असंच पुस्तकांत चाललं होतं. शिकवण्याची रीत शोधताना त्या फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ च्या नाटकाकडं वळल्या. २०१३ साली, पन्नाशीही गाठायच्या आत, त्या गेल्या. 'लिंगभाव' हा शब्द रुळला तोही अशाच वर्गांतून. कवी म्हणून मला तो थोडा जड वाटतो. पण दुसरा सुचत नाही.

आता ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. याच संकटात सापडलेल्या विधवांसाठी आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ पासून बालहत्या प्रतिबंधक गृह चालत होतं, हे इथं आठवावं. बुलढाण्याच्या ताराबाई चिडल्या आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जे नाहीसं झालं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! मी बी.ए. झाले, त्या तीन वर्षांत ताराबाईंचं नाव एकाही तासाला निघालं नाही, आणि तेव्हा पुस्तक पुन्हा छापून पंधरा वर्षं होऊन गेली होती. पुस्तक छापलं की जगतं असं नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं.

फातिमा शेख यांचं तर याहून अवघड. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. तिच्याविषयी हाताशी असलेला पुरावा अगदी थोडा. गेल्या काही वर्षांत तिच्यावर भाषणं झाली, चित्रं आली, मग २०२५ साली ती होती की नव्हती असा वादही झाला. मीही तिच्यावर कविता लिहिली आहे. पण कविता म्हणजे पुरावा नव्हे. पत्रात काय आहे, परंपरेनं काय सांगितलं आणि आपण प्रेमानं काय जोडलं, हे वेगवेगळं ठेवायला शिकवणं हे या विषयाचं काम आहे. आमच्या समाजाला त्याची गरज जरा जास्तच आहे, कारण आमच्या बायकांवर बोलणारे पुष्कळ आणि त्यांना विचारणारे थोडे.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक बंद करा, सर्वांना समान कायदा द्या, ही मागणी. मोर्चा हमीद दलवाईंचा म्हणून सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष चालणाऱ्या सातजणींची नावं विचारून पाहा. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २०१७ साली, एक्कावन्न वर्षांनी, तेव्हाही चर्चेत त्या सातजणी नव्हत्या. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे', रझिया पटेल यांचं 'चाहूल' ही आत्मकथनं आहेत म्हणून आपल्याला आतली बाजू थोडी कळते. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली आपल्या सोलापुरातच भरलं, त्यात फकरुद्दीन बेन्नूर सरांचा पुढाकार होता. त्या परंपरेतही बायकांची पुस्तकं मोजकीच. का, याचा अभ्यास व्हायला हवा.

आज महाराष्ट्रात चार विद्यापीठांना स्त्रियांची नावं आहेत. नाथीबाईंचं तर जुनंच. पुण्याला सावित्रीबाईंचं नाव २०१४ साली लागलं, जळगावला बहिणाबाईंचं २०१८ साली आणि २००४ साली सुरू झालेल्या आपल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं. कमानीवर नाव देणं सोपं असतं. आतल्या केंद्राला पैसा देताना हात आखडतो. स्त्री-अभ्यास केंद्रं बरीच वर्षं पंचवार्षिक योजनांच्या अनुदानावर जगली. दहाव्या योजनेच्या काळात त्यांचं नाव 'स्त्री आणि कुटुंब अभ्यास' करावं अशी टूम निघाली होती, म्हणजे बाईला परत त्या जुन्या प्रकरणात नेऊन बसवायचं. विरोध झाला, ते टळलं. बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि केंद्रांचं पुढं काय, ही धास्ती देशभर पसरली. कंत्राटी शिक्षिका, भरल्या न गेलेल्या जागा, हे रडगाणं सगळ्याच विषयांचं आहे हे खरं. पण गणिताचा विभाग बंद करू या असं सहसा कुणी म्हणत नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार स्त्रियांची वसाहत आहे. दहा हजार घरं, सहकारी तत्त्वावरची, २००६ साली पुरी झालेली. तिथं राहायला गेलेल्या बायका आता साठी-सत्तरीच्या झाल्या आहेत, काही राहिल्याही नाहीत. त्यांचं म्हणणं वेळेवर टिपून घ्यायला हवं. तेलुगू, कन्नड, दखनी येणाऱ्या सोलापूरच्या मुलीच ते काम करू शकतील, बाहेरून आलेल्या संशोधकाला दुभाषा लागेल. प्रश्न साधेच आहेत. दिवसाला किती विड्या व्हायच्या? खराब म्हणून किती बाजूला काढायचे? मजुरी आणायला कोण जायचं, आणि ती कोणाच्या हातात पडायची? घराच्या कागदावर नाव कोणाचं लागलं? आणि ते नाव लागल्यावर नवरा पहिल्यांदा काय म्हणाला?