बडोद्याची लाकडी जमीन: कडीपाटापासून गोत्रीच्या घरांपर्यंत

बडोद्याच्या मराठी वाड्यांत वरच्या मजल्यांची जमीन लाकडावर उभी असे. गोत्रीसारख्या पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत लाकूड बसवायचे तर ते जमिनीवर अंथरावे लागते. दोन्हींना लाकडी जमीन म्हटले, तरी पहिल्या रचनेत लाकूड भार वाहते आणि दुसऱ्या रचनेत ते फक्त आच्छादन असते.

1734 मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यानंतर सरदार आणि कारभाऱ्यांनी येथे वाडे बांधले. 1849 ते 1854 या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा रावपुऱ्यातील चार मजली वाडा आजही उभा आहे आणि तो भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा वाड्यांत सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या बसवत. या रचनेला कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घराचा विस्तार खणांतच मोजला जाई. फळ्यांवर माती किंवा चुन्याचा थर घालून त्यावर चालायची जमीन तयार करत. त्यामुळे लाकूड खालच्या खोलीतून छत म्हणून दिसे. वर वावरणाऱ्याच्या पायांना मात्र माती, चुना किंवा सतरंजी लागे.

या सागवानाचा मोठा साठा दक्षिण गुजरातमध्ये होता. बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात सोनगड आणि व्यारा भागात जंगले होती, तर शेजारच्या डांगची जंगले तेथील भिल्ल राजांकडून इंग्रजांनी 1842 मध्ये भाडेपट्ट्याने घेतली. जहाजबांधणीसाठी इंग्रजांना सागवान हवे होते. पुढे संस्थानाने बिलिमोऱ्याहून डांगच्या दिशेने अडीच फुटी रुळांचा मार्ग टाकला. 1913 साली सुरू झालेल्या आणि वघईपर्यंत सुमारे 63 किलोमीटर जाणाऱ्या या मार्गाने जंगलातले लाकूड मुख्य रेल्वेपर्यंत येऊ लागले.

विसाव्या शतकात सिमेंट आले आणि कडीपाट मागे पडला. काँक्रिटचा स्लॅब स्वतःच भार पेलतो, त्यामुळे तुळया आणि कड्यांची गरज उरली नाही. 1922 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांच्या सिमेंटच्या लाद्या घरोघरी पोहोचल्या. नंतर राजस्थानचा कोटा दगड आणि संगमरवर, आणि पुढे मोरबीच्या चिनी मातीच्या टाइल्स आल्या. गुजरातच्या उष्ण हवेत पायांना थंडावा देणारी आणि पाण्याने पुसता येणारी ही जमीन लोकांना सोयीची वाटली.

आज घरात लाकडी जमीन बसवायची तर ती याच स्लॅबवर किंवा टाइल्सवर बसते. तिचे तीन प्रकार आहेत: सबंध लाकडाची फळी, प्लायवुडसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पापुद्रा चिकटवलेली फळी, आणि लाकडाचे केवळ छापील चित्र असलेले लॅमिनेट. लॅमिनेट स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात तयार झाले.

बसवण्याची पद्धत लाकडाच्या स्वभावावर ठरते. फळी लांबीत फारशी बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. बडोद्यात मे महिन्यात पारा 40 अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते; पावसाळ्यात तीच हवा दमट होते. म्हणून फळ्या आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवतात. तळ सपाट आणि कोरडा करून त्यावर प्लास्टिक आणि फोम अंथरतात. एका फळीची जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत अडकवतात. ओळींचे सांधे एकासमोर एक येऊ देत नाहीत. भिंतीलगत सुमारे 10 मिलिमीटर फट सोडून ती पट्टीने झाकतात. ही फट राहिली नाही, तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या मधोमध वर उचलल्या जातात.

कडीपाटाच्या फळीला खालून मोकळी हवा मिळे. स्लॅबवरची फळी खालून बंद असते. तळात ओल राहिली की तिच्या कडा वर वळतात आणि लाकूड कुजू लागते. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या अनेक भागांत शिरले. अशा शहरात तळमजल्यासाठी दगड आणि टाइल्सच योग्य. लाकडाची खरी जागा आजही वरच्या मजल्यावरच आहे.