भादली स्टेशन आणि टिळकांचं घर

बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही. आधी लग्नसराई, मग दोन घरी दफनविधी, मग पावसाने मंदिराच्या छपराची केलेली दैना... असो. धुळ्याच्या काकांनी फोनवर "लिहायचं सोडलं की काय?" असं विचारलं, म्हणून आज बसलोच.

गेल्या महिन्यात एका आजारी बाईंसाठी प्रार्थना करायला भुसावळला जायचं होतं. जळगाव सोडलं की लगेच भादली लागतं. गाडी तिथे जरा जास्तच थांबली. समोर एक कॉलेजचा मुलगा बसला होता. बाहेरचा असावा, कारण त्याने शेजारच्या आजोबांना विचारलं, "बाबा, या गावाचं काय प्रसिद्ध आहे?"

"भरताची वांगी," आजोबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "आसोदा-भादलीची वांगी. पार मुंबईपर्यंत जातात."

खरं आहे. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बालकवी इथेच गेले."

मुलगा म्हणाला, "फुलराणीवाले? इथे?" आणि त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रूळ, पलीकडे शेतं, एक कुत्रं. गाडी सुटली.

भुसावळहून परत येताना माझ्या डोक्यात तोच विषय. बालकवींचा नाही खरं तर, ज्या घरात ते राहिले त्या घराचा. ते घर एका पाळकाचं होतं, आणि मीही पाळक आहे.

थोडा इतिहास सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी समजून घ्यावं.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांचं नाव. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. म्हणजे आपलाच माणूस! वडील पोलीस खात्यात, त्यामुळे सारख्या बदल्या. मुलाचं शिक्षण धड एका गावात झालं नाही. खानदेशातली गावं फिरत, नदीनाले, झाडं बघत तो मोठा झाला आणि लहानपणापासून कविता करू लागला.

त्या वेळचा खानदेशही बदलत होता. तोपर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि कचेरी धुळ्याला होती. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण जळगाव झालं. (आमचे धुळेकर नातेवाईक अजूनही याचा राग धरून आहेत, असं मला कधी कधी वाटतं.) त्यानंतर लगेच, १९०७ साली, जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार. भारतातल्या औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथावर कीर्तिकर आणि बसू अशी जी दोन नावं आहेत, त्यातले हे कीर्तिकर. त्या संमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली.

त्या संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आलेले होते.

आमच्या मंडळीतल्या लोकांना टिळक म्हणजे गायनाच्या पुस्तकातलं नाव. दर रविवारी उपासनेत त्यांची दोन-तीन गाणी होतातच. पण माणूस म्हणून टिळक फार थोड्यांना माहीत आहेत. जन्म १८६१ चा, कोकणातला, चित्पावन ब्राह्मण घरातला. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. त्याने नवा करार हातात दिला आणि टिळक तो वाचत गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा. तुकोबांवरची भक्ती मात्र त्यांनी सोडली नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आपल्या उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन रुजलं त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

तर या टिळकांनी ठोंबऱ्यांमधला कवी ओळखला आणि पुढे त्यांना आपल्या नगरच्या घरी आणलं. ठोंबरे तिथे घरातल्या मुलासारखे राहिले. टिळकांचा मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, जवळपास त्यांच्याच वयाचा. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये ठोंबऱ्यांबद्दल इतकं मायेने लिहिलं आहे की वाचताना आपल्याच घरातल्या हट्टी पोराची गोष्ट चालली आहे असं वाटतं.

आता जरा थांबून विचार करा. साल १९०७ च्या पुढचं. ब्राह्मण घरातला मुलगा, बाटलेल्या ब्राह्मणाच्या घरी राहतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. त्या काळी ख्रिस्ती घरचं पाणी पिणंसुद्धा लोकांना खपत नसे. आणि दुसरी बाजू पाहा. टिळक मिशनचे पाळक. ख्रिस्ती समाजातही असं विचारणारे असतीलच की हा मुलगा इतके दिवस इथे राहतो, तर मग पुढे काय?

पुढे काही नाही. ठोंबऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ते कविता करत राहिले आणि घर त्यांचं राहिलं.

पाळक म्हणून मला ही गोष्ट साधी वाटत नाही. आम्हाला दर वर्षी आकडे द्यावे लागतात. सभासद किती, बाप्तिस्मे किती, दृढीकरण किती, वर्गणी किती. ठोंबरे यातल्या कुठल्या रकान्यात बसतात? कुठल्याच नाही. टिळकांनी त्यांच्यासाठी जे केलं ते कुठल्याही अहवालात लिहिता आलं नसतं. आणि टिळकांनाही हे रकाने पुढे पुढे जाचू लागले असावेत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणारे सगळे एका ठिकाणी, अशी ती कल्पना. तेव्हा वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती बरी नाही. त्या वयात माणूस पगार सोडतो की धरून ठेवतो?

टिळकांचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरायला नको. ती मला आमच्या सौ.ने दाखवून दिली. मी घरी येऊन हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "टिळक आणायचे हो. वाढायचं कोणी?"

बरोबर आहे. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरी सोवळ्याचं वेड. नवऱ्याने न सांगता बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. मग हळूहळू, स्वतः विचार करून, स्वतःशी भांडून त्यांनी जात सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक सांगतात म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून. टिळक तापट, हाती पैसा न टिकणारे, कधी कोणाला घरी घेऊन येतील याचा नेम नाही. दुष्काळाचे, प्लेगचे दिवस. अनाथ पोरं, आजारी माणसं, कवी, सगळे त्याच घरात. घरात पीठ किती आहे हे टिळकांना माहीत नसे, लक्ष्मीबाईंना असे. एकेकाळी जी बाई दुसऱ्याच्या सावलीने विटाळायची, तिच्याच चुलीवर पुढे सगळ्या जातींचा स्वयंपाक झाला.

शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही, टिळकांनी जेमतेम अक्षरओळख करून दिलेली. पण टिळकांचं 'ख्रिस्तायन' दहाएक अध्यायांवर अपुरं राहिलं, ते त्यांनी साठावर अध्याय लिहून पुढे नेलं. मंडळीत पुढारी कोण असं विचारलं की आपण व्यासपीठाकडे बघतो. आपण चुकीच्या दिशेला बघतो की काय, अशी मला अलीकडे शंका येते.

आणखी एक गोष्ट. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं तेव्हा याच गावात चौधरींच्या घरी आसोद्याहून आलेली एक सून नांदत होती. वय सत्तावीसच्या आसपास, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात ओव्या रचायची. त्याच वर्षी तिचा सोपान जन्मला. बहिणाबाई! तिची गाणी पुस्तकरूपाने यायला १९५२ साल उजाडलं, तेव्हा ती जाऊन वर्ष झालं होतं. गावात कवींचा मेळा आणि गावातली कवयित्री घरी दळण दळते आहे. संमेलनवाल्यांना दोष देत नाही, त्यांना कुठून कळणार? पण मंडपात कोण आलं ते मोजताना कोण आलं नाही हेही कधीतरी बघावं.

५ मे १९१८. भादली स्टेशनजवळ ठोंबरे रेल्वेखाली सापडले. वय सत्तावीस. नंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले. मुलगा आधी, बाप मागून.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी, मी तेव्हा दुसऱ्या मंडळीत होतो, शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आमच्याकडे तबला वाजवायला येऊ लागला. ख्रिस्ती नव्हता. नाताळच्या गाण्यांची तयारी चालली होती, आवाज ऐकून दारात उभा राहिला, मी आत बोलावलं. हात फार गोड. दर शनिवारी यायचा, आमच्याकडेच जेवायचा. सौ. त्याच्यासाठी मुद्दाम कळण्याची भाकरी करायची.

मग दोन्हीकडून सुरू झालं. पंच कमिटीत एक वडील म्हणाले, "याचं नाव कुठल्या वहीत आहे? नाताळच्या उपासनेत पुढे कसा बसवायचा?" आणि तिकडे त्याच्या गल्लीत कुजबुज, पोराला बाटवायला नेतात म्हणून. काळ कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. मी घाबरलो. कमिटीला घाबरलो आणि गल्लीलाही. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "काही दिवस येऊ नकोस बाळा. जरा शांत होऊ दे."

तो "बरं" म्हणाला. का, असं विचारलंही नाही. परत आला नाही.

मी स्वतःला सांगत आलो की त्याच्या भल्यासाठीच केलं. त्यात थोडं खरंही आहे. त्याला कोणी मारलं असतं तर मी काय केलं असतं? हा प्रश्न खोटा नाही आणि आजही माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण माझं मन मला ओळखतं. मला तेव्हा त्याच्यापेक्षा माझी काळजी जास्त होती. त्याच्या घरी जाऊन आईबापांना भेटता आलं असतं. कमिटीत उभं राहून दोन वाक्यं बोलता आली असती. मी दोन्ही केलं नाही. आणि पुढच्या रविवारी टिळकांचंच गाणं गायलो.

हे सगळं परवा सौ.शी बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हा मला विचारलंत का? जेवायला मी वाढत होते ना त्याला?"

नाही विचारलं.

त्याची तबल्याची हातोडी आमच्याकडेच राहिली आहे. दोन घरं बदलली, पण सौ.ने ती टाकली नाही. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. मुलगा आता नोकरीला लागला असं कळलंय, आईवडील अजून त्याच गल्लीत आहेत. या शनिवारी आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. ते काय म्हणतील माहीत नाही. दारातून परत पाठवलं तरी मला बोलायला जागा नाही.

जमलं तर पुढच्या वेळी लिहीन. तोपर्यंत, तुमच्यापैकी कोणाच्या घरी धरणगावच्या ठोंबऱ्यांच्या किंवा जुन्या नगरच्या टिळकांच्या ऐकीव आठवणी असतील तर जरूर कळवा. आणि काका, आता तरी तक्रार नाही ना?