मेल्याची वर्दी

मेलेल्या माणसाचा कागद शोधण्यासाठी आमच्या घरातून तहसील कचेरीची पायरी चढणारा पहिला माणूस मी. निमित्त होते पुतणीच्या जात पडताळणीचे. 10 ऑगस्ट 1950 पूर्वी आपले घराणे याच मुलखात राहत होते आणि आपली जात अमुक होती, हे अनुसूचित जातीच्या अर्जदाराला दाखवावे लागते. ज्याला जमीन आहे त्याच्याकडे जुना फेरफार असतो. ज्याचा बाप शिकला त्याच्याकडे शाळेचा दाखला असतो. उरणच्या खाडीकाठच्या आमच्या वाड्यात दोन्ही नव्हते. आजा मिठागरावर राबला, पणजोबाने गावकी केली. आमच्यापाशी एकच पुरावा उरला होता, तो म्हणजे ही माणसे मेली होती. आणि मेल्याची नोंद सरकार ठेवीत होते.

ही नोंद गाव नमुना 14 मध्ये असते. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, नाव, जात, वय, मरणाचे कारण अशा रकान्यांचे हे साधे बुक. माणूस मेले की त्याची वर्दी तोंडी जायची आणि लिहायचे पाटलाने किंवा तलाठ्याने. ही वर्दी घेऊन जाणारा गावोगावी बहुधा महारच असे. सोयऱ्याधायऱ्यांना मरण कळवायला परगावीही त्यानेच पळायचे, मग पाऊस असो, रात्र असो की खाडीला भरती असो. हे त्याचे वतन! 1874 च्या वतन कायद्याने बांधलेली ही गुलामी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. ती प्रत्यक्षात तुटली 1958 च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने. तोवर साऱ्या गावाचे मरण माझ्या पणजोबासारख्यांच्या तोंडून बुकात उतरत होते. त्याचे स्वतःचे मरण कसे उतरले, हे मला पाहायचे होते.

कचेरीत पहिला प्रश्न आला, "साल कुठलं?" साल कुठून सांगणार? आमच्याकडे जन्मतारखा नव्हत्या, साथी होत्या. आजी सांगायची, "मानमोडीच्या सालात गेला. दसरा झालेला, दिवाळी यायची होती. आधी लेक गेली, तिसऱ्या दिशी बाप." मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. आजीच्या त्या एका वाक्याने पन्नास वर्षांची बुके चाळण्याचे काम दोन महिन्यांवर आले. घरातली आठवण ही भाकडकथा नसते. कागदाला जिथे वाट सापडत नाही तिथे ती वाट दाखवते.

कारकुनाने आधी बुक नाही म्हणून सांगितले, मग वाळवीने खाल्ले म्हणून सांगितले. तिसऱ्या खेपेस मी लेखी अर्ज दिला आणि उत्तरही लेखी मागितले, तेव्हा बुक निघाले. काही पाने मोडीत, काही बाळबोधीत. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर मी सोबत नेले होते.

आणि तिथे मी अडलो. त्या तीन आठवड्यांत पणजोबाच्याच नावाची तीन माणसे मेलेली. तिघांपुढे बापाचे नाव नाही, आडनावाच्या जागी जात. धर्माचा धर्म्या करायचा आणि पुढे महार लिहायचे, की संपला माणूस. वय अदमासे चाळीस, कारण ताप. त्याच बुकात, त्याच पानावर, वरच्या आळीतल्या माणसांची नावे मात्र बापासकट, आडनावासकट. लिहिणारा तोच, शाई तीच!

मग आजीचे वाक्य पुन्हा आठवले आणि मी लेकीची नोंद शोधू लागलो. ती सापडली. तिला तर नावही नव्हते. नुसते "मुलगी, वय 4", आणि बापाचे नाव. तिच्यापुढे तिसऱ्या दिवशी त्या तिघांपैकी एकाची नोंद होती. तो माझा पणजोबा. ज्या पोरीला बुकाने नावही दिले नाही, तिने शंभर वर्षांनी आपला बाप ओळखून दिला.

जातीच्या त्या रकान्याचा मला राग आला होता, अजूनही येतो. पण त्याची दुसरी बाजू इथे सांगितली पाहिजे. त्याच साथीत मुंबई शहरात किती माणसे मेली, याचे जातवार आकडे संशोधकांनी पुढे छापले. दर हजारी युरोपियन 8.3, पारशी 9, सवर्ण हिंदू 18.9 आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे हिंदू म्हणत ते 61.6. हवा सगळ्यांची एकच होती, रोग एकच होता. मग आमची माणसे तिपटीने का मेली? दाटीच्या खोल्या, अर्धे पोट, आजारी पडले तरी न चुकणारे काम. ताप तर बुकात लिहिला आहेच. हे मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलेले नाही. पण मेलेला कोणत्या जातीचा हे लिहिले गेले, म्हणून आज हा हिशेब मांडता येतो. ज्या शब्दाने आम्हाला माणसातून उठवले, तोच शब्द आमच्या बाजूने साक्ष देतो. पुतणीच्या अर्जालाही तोच शब्द उपयोगी पडला.

याच तालुक्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांतल्या आदिवासी तरुणाचे नाव लोक आजही नाग्या महादू कातकरी असे घेतात. नाग्याच्या मागे महादू आहे, बाप आहे. लोकांनी आपला मानला की माणसाला बापाचे नाव मिळते. बंदुकीची गोळी न लागता, तापाने, बाळंतपणात, मिठागराच्या उन्हात जे मेले, त्यांना ते कोणी द्यायचे? ते आपणच दिले पाहिजे.

म्हणून जे मी ठेचा खाऊन शिकलो ते लिहितो. 1970 पूर्वीची खेड्यातली नोंद हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 ची प्रमाणित नक्कल मागावी. अर्जात गाव, साल आणि नावाची सगळी रूपे द्यावीत, धर्मा आणि धर्म्या दोन्ही. जिल्ह्याचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते हे ध्यानात ठेवावे. पनवेल आणि त्याखालचे उरण 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा त्याआधीच्या कागदांचा माग ठाण्याकडे जातो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे मिळतात. या कायद्याच्या 17 व्या कलमाने कोणीही फी भरून शोध मागू शकतो. "तुम्हाला कशाला हवं?" हा प्रश्न कायद्यातला नाही. नोंद मरणाच्या जागी होते, मूळ गावी नव्हे. गोदीत किंवा नायगावच्या चाळीत मेलेल्याचा कागद मुंबई महापालिकेच्या त्या त्या वॉर्डात शोधावा. नोंद नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, नमुना 10, मागून घ्यावा. नाही हे सुद्धा लेखी असले पाहिजे. 2023 साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा हीच बुके राज्यभर कपाटांबाहेर आली आणि मोडी वाचणारे शोधले गेले. सरकारला गरज पडली की वाळवी लागलेली बुकेही सापडतात, हे आपण विसरू नये.

पुतणीचा दाखला झाला. नकलेची एक प्रत मी घरी ठेवली आहे. तिच्या मागच्या बाजूला पणजोबाचे नाव त्याच्या बापाच्या नावासकट लिहिले. मग त्या चार वर्षांच्या मुलीचे नाव लिहायला गेलो आणि हात थांबला. आजीला ते ठाऊक असणार, तिच्या सासूने तिला सांगितले असणार. आजी 1987 साली गेली. तोवर आम्ही तिच्याकडून मानमोडीची गोष्ट कितीदा ऐकली, पण त्या पोरीचे नाव काय होते, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. हा दोष तलाठ्याचा नाही.

ज्यांच्या घरी अजून कोणी सांगणारे आहे, त्यांनी कचेरीत जाण्याआधी त्यांच्याजवळ बसावे.