पेट्रोल जीप : इनटेक मॅनिफोल्ड व कार्बोरेटर बदलणे

जुन्या पेट्रोल इंजिनाचा कार्बोरेटर झिजला किंवा इनटेक मॅनिफोल्ड वाकला आणि मूळ सुटे भाग मिळेनासे झाले, की दुसऱ्या बनावटीचा संच बसवावा लागतो. महाराष्ट्रात या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे विलीज व महिंद्रा जीप. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे बऱ्याच जीपना डिझेल इंजिने बसली. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असलेली गाडी जपण्याजोगी आहे आणि हे काम घाईने उरकण्याचे नाही.

आधी इंजिन ओळखावे लागते. जुन्या एल-१३४ इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ब्लॉकच्या एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जखडलेले असतात; एक्झॉस्टच्या उष्णतेने मिश्रण गरम होते. उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमधील एफ-१३४ इंजिनात मात्र इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि इनटेक मॅनिफोल्ड हेडच्याच ओतकामात सामावलेला आहे. म्हणजे या इंजिनावर वेगळा मॅनिफोल्ड चढवताच येत नाही. हेडवरच्या फ्लँजवर ॲडॅप्टर प्लेट ठेवून कार्बोरेटर तेवढा बदलता येतो.

दोन्ही इंजिनांची क्षमता सुमारे २,२०० सीसी. मिनिटाला ४,००० फेऱ्यांना असे इंजिन सिद्धांताने ४,४०० लिटर हवा ओढू शकते. प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश धरली तर ३,३०० लिटरच्या आसपास. एवढ्या हवेला एका घशाचा, मध्यम व्हेंच्युरीचा कार्बोरेटर पुरतो. मूळ कार्टर कार्बोरेटरच्या जागी भारतात सोलेक्स बसवण्याची पद्धत रुळली. ताकद वाढेल या आशेने मोठा दोन घशांचा कार्बोरेटर घेणे ही चूक ठरते. व्हेंच्युरीतला हवेचा वेग पडला की पेट्रोल नीट फुटत नाही, पिकअप मरतो आणि ॲव्हरेजही जाते. जीपचे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढण्यासाठी घडवले आहे. तो गुण गमावून मिळवण्यासारखे काही नाही.

एल-१३४ वर मॅनिफोल्ड बसवताना क्रम महत्त्वाचा. जुने पॅकिंग खरवडून काढायचे, पोलादी पट्टी फ्लँजांवर आडवी धरायची आणि फटीत फिलर गेज घालून पाहायचे. ०.१५ मिलिमीटरचे पान सहज सरकत असेल, तर पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेणे बरे. इनटेक-एक्झॉस्ट जोडणारे बोल्ट सैल ठेवून जोडी ब्लॉकवर चढवतात, ब्लॉकचे नट मधून कडेला थोडेथोडे आवळतात आणि इनटेक-एक्झॉस्टमधले बोल्ट शेवटी घट्ट करतात. उलट केले तर फ्लँज तिरकी बसते, नाहीतर कान तुटतो. नवा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल, तर तो बिडापेक्षा दुपटीने प्रसरण पावतो. म्हणून इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात. व्हॅक्यूम वायपरचे व क्रँककेसच्या हवेचे भोक जोडले नाही, तर बंद करायचे.

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूर तालुक्यातील चारठाणा परिसरासारख्या उष्ण भागात या कामात हवामानाचीही भर पडते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. एल-१३४ मध्ये कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्ट तापलेला असतो; गाडी थांबली की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळते आणि पुन्हा स्टार्टर मारल्यावर इंजिन फ्लड होते. कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटचे पॅकिंग घातल्याने हा त्रास बराच कमी होतो. काळ्या मातीच्या धुळीसाठी ऑइल-बाथ एअर क्लीनर कायम ठेवणे उत्तम. कार्बोरेटरचे तोंड वेगळ्या मापाचे असल्यास जोडनळी बदलावी, क्लीनर काढू नये.

इंजिन सुरू करण्यापूर्वी एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने वरून घशात डोकवायचे : थ्रॉटलची चकती अगदी उभी दिसली पाहिजे आणि पाय काढताच स्प्रिंगने फटकन मिटली पाहिजे. लिव्हर कुठे अडकत असेल, तर गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे. सुरू झाल्यावर सांध्यांवर तेलकुपीतून इंजिन ऑइलचे थेंब सोडतात. आयडलिंग बदलले तर सांधा हवा घेतो आहे असे समजते. यासाठी पेट्रोल फवारू नये, खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

ट्यूनिंगची सुरुवात कार्बोरेटरपासून होत नाही. पॉइंटचे अंतर ०.५ मिलिमीटर, प्लगचे ०.७५ मिलिमीटर आणि टायमिंग ठीक केल्यावर आयडलिंग ६०० फेऱ्यांच्या आसपास आणतात. मग व्हॅक्यूम गेजचा काटा सर्वांत वर व स्थिर राहील तिथे मिश्रणाचा स्क्रू थांबवतात. समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे मीटर उंचीवर हे वाचन मुंबईपेक्षा एक-दीड इंचाने कमी येते. तो दोष नव्हे. जेटची परीक्षा मात्र रस्त्यावरच होते. चढावर ओढून आणल्यावर प्लग कॉफीच्या रंगाचा निघाला तर जेट योग्य, काळा निघाला तर मोठा, पांढरट निघाला तर लहान.

सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा हिशेब बदलला आहे. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, म्हणून जुन्या मापाचा जेट मिश्रण पातळ करतो आणि एक पायरी मोठा घ्यावा लागतो. पंपाचा डायफ्रॅम व रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या लागतात.

कार्बोरेटर बदलल्याने नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक, क्षमता वा इंधन बदलत नाही. इंजिनच बदलले, तर मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरनोंदणीवेळी गाडी तपासली जाते, आणि पीयूसी चाचणीत बीएस-२ पूर्वीच्या अशा गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.