वाघाचा फोटो: दरबारापासून रामलिंगापर्यंत



डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेला. ती बातमी आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला जाताना ज्या दरीत आपण माकडांपासून पिशव्या सांभाळल्या, तिथे वाघ! या निमित्ताने वाघाच्या फोटोचा इतिहास थोडक्यात मांडतो, कारण त्याची सुरुवातही आपल्या जुन्या राज्यापाशी जाते.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या शिकारीचे फोटो काढले. त्यांतल्या प्रसिद्ध फोटोत कर्झन दांपत्य उभे आहे आणि पायाशी मेलेला वाघ पडला आहे. त्या काळी वाघ इतक्या जवळून टिपायचा, तर आधी तो मारावा लागे. कॅमेरे जड होते, काचा सावकाश उजेड घेत आणि जिवंत वाघ काही कोणासाठी थांबत नसे.

ही रीत मोडणाऱ्यांत एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याचे नाव मोठे आहे. संयुक्त प्रांतातल्या जंगलवाटांवर त्यांनी तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि फोटो निघे. १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून वाघ ओळखता येतो, हे त्यांनी फोटोंवरून दाखवले. पुढे १९९०च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत याच तत्त्वावर वाघांची संख्या काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली.

आज तारेच्या जागी उष्णता आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच कूस मिळाली तर ओळख अर्धी राहते. मग त्या पट्ट्यांची जुन्या फोटोंशी तुलना होते. येडशीचा वाघ असाच ओळखला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. शेते, रस्ते, नद्या ओलांडत साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून तो इथवर आला होता. लोकांनी त्याचे नाव ‘रामलिंग’ ठेवले.

फोटोच्या संस्करणाचा मुद्दा इथेच येतो. उजेड वाढवणे, रंगाची झाक सुधारणे, कडा कापून चेहरा जवळ आणणे, हे सगळे चालते. पण पट्ट्यावर आलेली काडी पुसली की तिच्याखालचा पट्टा संगणक आपल्या मनाने भरतो. डोळ्यांवरच्या खुणाही प्रत्येक वाघाच्या निराळ्या. त्या ‘सुंदर’ केल्या की तो कोण हेच हरवते. घरात लावायला असा फोटो छान दिसेल, पण टिपेश्वरचा पत्ता त्यातून मिळणार नाही. त्या अर्थाने कॅमेरा ट्रॅपचा साधा, धुरकट फोटो अधिक मोलाचा.

आपले अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे. एका नर वाघाला ते पुरत नाही. तो आसपासच्या शिवारात, बार्शीच्या बाजूला जाणारच. २०२५च्या सुरुवातीला त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याचे प्रयत्न झाले, पण त्याने हुलकावणी दिली. ज्याचे बैल रात्री शेतात बांधलेले असतात त्याला ही गंमत वाटत नाही, आणि ती भीती खोटी नाही.

म्हणून गावाकडे राहणाऱ्या मित्रांना एक विनंती. कधी वाघ दिसलाच आणि फोटो निघाला, तर जवळ जाण्याचा मोह टाळा. लांबून काढलेला फोटोही नंतर कापून मोठा करता येतो. तो आधी वनखात्याला द्या. ग्रुपवर टाकायचाच असेल तर शिवाराचे नाव आणि मोबाइलने नोंदलेले ठिकाण काढून टाका. वाघामागे धावणारी गर्दी वाघालाही घातक आणि गावालाही. १९०२ सालच्या त्या वाघाच्या पट्ट्यांत तो कोण, कुठून आला, हे कोणी वाचले नाही. आपल्या रामलिंगाचे पट्टे वाचले गेले, आणि तो जिवंत असताना वाचले गेले.